डिंकाचं गाव

जाड मीठ होतं ते, दोरीसारखी गाठ मारून भाजलेल्या त्या पावाच्या पाठीवर घट्ट बसलेलं, आणि शांती नखाने एकेक खडा सोडवत होती, कारण पाव बुडवला की चहा खारट होतो अशी नवऱ्याची, सितारामची, तक्रार — पंधरा दिवसांचा पाव, दगड झालेला, पण लेकीच्या गावचा म्हणून हा माणूस तो टाकूही देत नव्हता. "यवरा मीठ?" तो म्हणाला. "आपल्याच आगरातला नेला वाटतं." अर्धा जन्म मिठागरात काढलेला माणूस; खांदेश्वरला सातव्या मजल्यावर आला म्हणून काय झालं.

लेकीच्या त्या जर्मनीतल्या गावाचं नाव डिंकेल्सब्यूल. शांतीच्या जिभेला ते वळेना, म्हणून लेकीकडे होती ते दोन महिने ती त्याला डिंकाचं गाव म्हणत राहिली. योगिनी आधी वैतागली, मग तीही तेच म्हणू लागली. पाचपाचशे वर्षांची घरं, पिवळी, गुलाबी, उंच उतरत्या छपरांची, भोवती अख्खा दगडी कोट... आणि आत माणसं खरोखर राहतात, कुंड्यांना पाणी घालतात, भांडतात, हे पटायलाच तिला आठवडा लागला. खिडकीचा रंग बदलायचा तरी कचेरीत विचारावं लागतं म्हणे. म्हणजे तिथे विचारतात!

आज साडेतीनला योगिनीचा फोन येणार होता. त्या गावातलं एक घर विकायला निघालं होतं. म्हातारी मालकीण बहिणीकडे राहायला चालली होती आणि आजच्या पलीकडे थांबायला तयार नव्हती. "आई, तू सांगशील तसं," योगिनी म्हणाली होती. "तू 'नको' बोललीस तर आमी दोन वर्षांत परत येऊ. प्रॉमिस." आणि घर घेतलं तर परतणं संपलं. सितारामचं उत्तर सकाळपासून तयार होतं — "नाय म्हन तिला. घर घेतला म्हंजे पोर गेली."

शांती कोलंबी सोलायला बसली. बोटं आपली आपण चालत होती आणि मन तिथे असताना पाहिलेल्या त्या घराच्या दाराशी जाऊन उभं राहिलं... दारावर खडूने लिहिलेलं — आधी वीस, मग तीन इंग्रजी अक्षरं, मधेमधे अधिकच्या खुणा, शेवटी पुन्हा आकडा. दारावरचे आकडे मला ठाऊक आहेत. विमानतळासाठी आमचं गाव उठायचं होतं तेव्हा मोजणीवाल्यांनी आमच्या दारावर असाच आकडा टाकला होता, आणि सासूबाई, राहीबाई, रोज सकाळी तो ओल्या फडक्याने पुसायच्या. आकडा नाही तर घर यादीत नाही, अशी त्यांची भाबडी समजूत. शेवटी त्या लोकांनी तो ऑइल पेंटने लिहिला. "पोरी, यो गाव पन उठवतान काय गो?" असं तिने विचारलं खरं, पण योगिनी तोंड उघडायच्या आत पदर दारावर फिरलाही होता.

"आई! काय करतेस!"

जानेवारीत तिथली मुलं डोक्यावर मुकुट घालून गाणी म्हणत घरोघर येतात आणि लिहून जातात — या घराचं वर्षभर भलं होवो. ते अर्धं पुसून बसले मी! म्हातारी दार उघडून समोर उभी. योगिनीने लाल होत तिला सगळं सांगितलं, मोजणी, राहीबाई, ओलं फडकं, जर्मनमध्ये खूप वेळ लागला त्याला... मग म्हातारी आत गेली, खडू घेऊन आली आणि तो शांतीच्या हातात ठेवला. शेजारच्या दारावर बघून शांतीने एकेक अक्षर काढलं, वाकडंतिकडं, न कळणारं. त्या दिवशी ती किती खूश होती, हे तिने सितारामला अजून सांगितलं नव्हतं.

नाही म्हटलं तर पोरगी जवळ येईल, रविवारी जेवायला येईल. हो म्हटलं तर त्या दारातून ती आतबाहेर करील. दोन्ही चांगलंच होतं, आणि गंमत म्हणजे दोन्हीची भीती वाटत नव्हती. सकाळपासून हे हलकं हलकं काय वाटतंय... लग्न होऊन ज्या घरात आले ते वडिलांनी ठरवलं. ते घर गेलं, प्लॉट मिळाला, बिल्डर ठरला, सातवा मजला ठरला. वाईट काहीच झालं नाही, तक्रार कसली करायची. पण शांती, तुला काय वाटतं? — असं कोणी म्हणालं नाही. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा एक घर माझ्या तोंडाकडे बघत थांबलं आहे.

फोन वाजला.

"अगो, उचल की!" सिताराम आतून ओरडला.

"उचलते. हात खराब हान."

ती बेसिनशी गेली, साबण लावला आणि बोटाबोटांच्या बेचक्यांतून सावकाश हात धुऊ लागली. वाजू दे. तो वाजतो आहे तोवर कोणीतरी मला विचारतं आहे.