दहा किलोओहमचं पाणी

सिरसाळ्याजवळच्या त्या वस्तीवर पाणीपुरवठा सोसायटीची एकच बोअर उरली होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. त्यात ऊसतोडीला गेलेली माणसं परतली आणि हंड्यांची रांग देवळापर्यंत गेली.

बोअरच्या पेटीवर एक हिरवा दिवा होता. खाली सोडलेल्या दोन वायरींना पाणी लागलं की तो लागायचा. पाणी उतरलं की विझायचा आणि मोटार आपोआप थांबायची. मग झरा भरेपर्यंत वाट बघायची. पण तहानलेल्या माणसाला 'थांब' म्हणणाऱ्या यंत्राचा राग येतोच. सगळ्यांनी ठरवून टाकलं, पेटी बिघडलीय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे जन्मभर म्हणणारी माणसं; पोहऱ्याच्या जागी पेटी आली आणि म्हण विसरली.

सोसायटीचे चेअरमन भगवानराव मोटारी दुरुस्त करणाऱ्या त्रिंबककडे आले. पेटी चांगली आहे, मोटार कोरडी चालून जळू नये म्हणून ती बंद होते, असं त्यानं समजावून सांगितलं. भगवानरावांनी मान हलवली आणि म्हणाले, हे लोकांना तूच सांग.

त्रिंबक सांगायलाच गेला होता. पण रांगेत त्याची बहीण कौशल्या उभी होती, कालच तोडीवरून आलेली, कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू. तिचा नंबर आला आणि दिवा विझला. सांगायचं ते राहून गेलं.

त्रिंबकनं पिशवीतून रेझिस्टर काढले, विजेला अडवणारे काडीएवढे तुकडे. त्या दोन वायरींमध्ये बसवल्यावर पेटीला पाणीच आहे असं वाटावं, असा एक हवा होता. फार मोठा घेतला तर पेटी फसत नाही, फार लहान घेतला तर आतला नाजूक भाग तापतो. बोअर भरलेली असताना पाणी विजेला किती अडवतं, हे त्यानं मीटर लावून पाहिलं होतं, दहा किलोओहमच्या आसपास. तेवढ्याच मापाचा, तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्यांचा त्यानं उचलला. निवड अचूक होती, हेच वाईट झालं.

दिवा लागला. कौशल्याचा हंडा भरला की काढून टाकू, असं त्याच्या मनात होतं. हंडा भरला, तशा मागच्या चंद्रभागाबाई पुढं सरकल्या.

"माजा येवढा येक होऊ दे बाबा, मंग काढ."

त्यांच्या मागचीही तेच म्हणाली. नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं, आणि त्रिंबकचं तसं नव्हतं. पाइपातून गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. मोटारीचा आवाज चिरकला आणि बंद पडला.

भगवानरावांनी लोकांना सांगितलं, लाइटीचा एक फेज गेलाय, उद्या बघू. त्रिंबकनं पेटीचं दार लावलं; रेझिस्टर आतच राहिला. मोटार जळाली होती, हे दोघांनाही कळलं होतं.

सकाळी रांग कधी नव्हे एवढी लांब होती. दिवा हिरवागार लागलेला पाहून बायका हसूनखेळून बोलत होत्या. त्रिंबकनं पेटी उघडून रेझिस्टर उपसला, मुठीत घेतला, तसा दिवा विझला.

"पानी हाय म्हून दिवा लागलावता ना, दादा?" कौशल्या म्हणाली. "मंग तू कावून इझवला?"

त्रिंबकनं मूठ उघडली नाही.