कानामेच्या लग्नाचं चित्र

टॅक्सीच्या ऑफिसातल्या पोरीचा फोन आला. "हिसानो-सान, उद्या दिवसभराची गाडी आहे. तीन देवळं करायची आहेत. बाईंनी तुमचंच नाव घेऊन मागितलंय." बाईंचं नाव विचारलं तर म्हणाली, "किनू ओगाता." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि चहाचा कप धुवायला घेतला. तो धुतलेलाच होता.

किनू ओगाता म्हणजे कानामेची आई, आणि कानामेशी माझ्या सायोचं लग्न ठरलं होतं. एप्रिलात चेरी फुलल्यावर लग्न, आणि फेब्रुवारीत तो शेजारच्या म्हातारीच्या छपरावरचं बर्फ खाली ओढायला चढला, तो बर्फासकट खाली आला. आमच्या यामागाताकडे दर हिवाळ्यात असं कुणी ना कुणी जातं. लोक हळहळतात, आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन पुन्हा छपरावर चढतात. न चढून करता काय?

त्याला दोन वर्षं झाली. सायो रडली नाही, ओरडली नाही, कामावर जायचं सुटलं नाही. फक्त जेवण सुटलं. चार घास चिवडायचे आणि उठायचं. मनगटं काटक्या झाली. डॉक्टरांनी सगळं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. मग एकदा शेजारीण कुंपणापलीकडून हळूच म्हणाली, "रागावू नकोस गं, पण पोरीला कुणी देवळात टांगली तर नाही ना?"

तिच्या तोंडाला लागायचं काही कारण नव्हतं, पण ते वाक्य पोटात जाऊन बसलं ते बसलंच. आमच्याकडे लग्नाआधी पोर गेलं की आईबाप त्याचं लग्न चित्रात लावतात. नवरा-नवरी शेजारी शेजारी बसलेली काढून घ्यायची आणि कान्नोन या करुणेच्या देवीच्या देवळात टांगायची. म्हणजे पोर तिकडे एकटं राहत नाही. नियम एकच, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. जोडीदार मनाने रचलेला हवा. जिवंत माणसाचा चेहरा काढायचा नाही, जिवंत माणसाचं नाव लिहायचं नाही. काढलं, लिहिलं, तर मेलेला येऊन त्याला घेऊन जातो.

म्हणून मी गाडी घेऊन गेले. त्या बाईच्या हातात चित्र असणार हे मला फोनवरच कळलं होतं, आणि ते पाहिल्याशिवाय मी तिला सोडणार नव्हते.

किनू-सान दारातच उभी होती. हातात जांभळ्या कापडात बांधलेलं चौकोनी, चपटं काहीतरी. मी डिकी उघडली.

"नको. हे माझ्याशेजारी बसेल," ती म्हणाली.

"पट्टा लावा मग. नियम आहे."

"मला की याला?"

मी उगाच बोलले होते. पण तिने खरोखर आधी त्या गाठोड्यावरून पट्टा ओढला, खटका बसला का ते बघितलं, आणि मग स्वतःला लावला. आरशात मला ते दोघं शेजारी शेजारी दिसत होते. मी आरसा थोडा वाकडा केला.

"तब्येत सुधारली तुमची," ती मागून म्हणाली.

"बसून बसून. टॅक्सीवाल्याचं दुःख पोटाला दिसतं."

"माझं पाठीला दिसतं." ती खरंच वाकली होती. साठीची बाई, ऐंशीची दिसत होती. मला दया यायला हवी होती. आली नाही.

पहिलं देऊळ भातशेतांच्या मधोमध. कापणी झालेली, पेंढ्या खांबांना बांधून वाळत घातलेल्या. ती गाठोडं छातीशी धरून आत गेली आणि मी सिगरेट पेटवायच्या आत परत आली. गाठोडं होतं तसंच.

"काय झालं?"

"ओशो-सान नव्हते. जेवायला गेले असतील."

सकाळचे नऊ वाजत होते, आणि फाटकातून मला ओशो-सान, म्हणजे देवळाचे पुजारी, दिसत होते. डोक्याला पंचा गुंडाळून गिंकोची पिवळी पानं झाडत होते. मी गाडी सुरू केली. खोटं कशाला बोलते ही बाई, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

दुसरं देऊळ डोंगरात आहे, वर चढून जावं लागतं. "मी येते बरोबर, गुडघे मोकळे होतील," मी म्हटलं. तिने नको म्हटलं नाही. वाटेत एकदा मी गाठोड्याला हात लावला, "द्या इकडे, दमलात." तिने ते असं ओढून घेतलं की मीच खजील झाले.

देवळात अंधार होता. डोळे सरावले तशी भिंत दिसू लागली, आणि मग नुसती माणसंच माणसं. तुळईपासून जमिनीपर्यंत नवरा-नवरी, नवरा-नवरी. सैनिकाच्या पोशाखातले, सुटाबुटातले, सगळे सरळ समोर बघणारे. एका चित्रात नवरी विशीची आणि कोपऱ्यात लिहिलेलं, तिसऱ्या वर्षी गेली. आईबापांनी तिला चित्रकाराकडून मोठी करून घेतली होती. तिची नजर लहान मुलीचीच राहिली होती. मी लहानपणापासून ही चित्रं बघत आलेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येक नवरीचा चेहरा नीट बघितला. एकही सायो नव्हती.

तिथले ओशो-सान तरुण होते. नमस्कार करून म्हणाले, "नवरी कल्पनेतलीच आहे ना? विचारावं लागतं."

किनू-सानने गाठोडं काखेत घट्ट धरलं. मग म्हणाली, "मी नंतर येते," आणि वळून चालू लागली.

आता मला पुरावा नको होता. खाली पायथ्याशी कोन्याकूचे, म्हणजे कंदाच्या पिठाचे, गोळे उकळणारी टपरी आहे. तिथे बाकावर तिने गाठोडं मध्ये ठेवलं आणि आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो. काडीला लावलेले गरम गोळे हातात आले. तिने एक खाल्ला, जास्तीची मोहरी लावून घेतली आणि सहज विचारलं, "सायो कशी आहे?"

"छान आहे."

"जेवते का?"

मी काडी खाली ठेवली. सायो जेवत नाही हे माझ्या घराबाहेर डॉक्टर आणि शेजारीण, दोघांनाच ठाऊक. "तुम्हाला काय करायचंय तिच्या जेवणाशी?" मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण टपरीवाल्याने डाव खाली ठेवला.

"काही नाही. विचारलं आपलं." तिने उरलेले गोळे काडीसकट कागदात गुंडाळले आणि गाठोड्यापुढे ठेवले, नैवेद्यासारखे. मला तिथल्या तिथे तिचा गळा धरावासा वाटला.

मग तिसरं देऊळ. तिथले ओशो-सान म्हातारे, जाड चष्म्याचे. त्यांनी बसायला उशा टाकल्या, चहा दिला आणि तोच प्रश्न विचारला. उत्तराची वाट मी बघितली नाही. मी पुढे झाले आणि गाठीला हात घातला. मला वाटलं झटापट होईल. पण तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मला ती सोडू दिली.

काचेखाली सायो होती. चुकून सारखी दिसणारी कुणी नव्हे, सायोच. भुवईवरचा व्रण, जरा मोठे कान, सगळं. शेजारी कानामे. दोघं हसत होते, आणि दोघांच्या मध्ये त्याने तिचा उजवा हात हातात घेतला होता. बोटांत बोटं गुंतवून.

"चांडाळणी!" मी ओरडले. देवळात आहे, ओशो-सान समोर आहेत, कसलं भान नव्हतं. "तुझा पोरगा गेला म्हणून माझी पोरगी न्यायला निघालीस? दोन वर्षं झिजतेय ती माझ्या डोळ्यांदेखत! तुला लाज नाही?"

"तिचे कपडे बघा," किनू-सान म्हणाली.

"कसले कपडे!"

"बघा तरी."

काळा किमोनो, त्यावर पांढरी प्लमची फुलं. उजव्या बाहीवरचं एक फूल बाकीच्यांपेक्षा मोठं. माझ्या आईचा किमोनो. कसरीने पाडलेलं भोक झाकायला ते फूल मीच भरलं होतं, आणि मापात चुकले होते. लग्नाच्या दिवशीच दाखवायचा म्हणून सायोखेरीज कुणापुढे तो पेटीबाहेर कधी काढला नाही. किनू-सानने तो बघितलेला असणं शक्यच नव्हतं. चित्रकाराला ते मोठं फूल सांगू शकणारं माणूस माझ्याखेरीज जगात एकच होतं.

मी खाली बसले.

"मागच्या हिवाळ्यात आली," किनू-सान सांगू लागली. "चित्र काढून, चौकटीत घालून. म्हणाली, आई, देवळात मुलाच्या आईनेच द्यायचं असतं ना, तुम्ही द्या."

"आणि तुम्ही घेतलंत?"

"घेतलं. झाडूने हाणून हाकलायला हवी होती. पण तिने मला आई म्हटलं हो."

"मग माझीच गाडी कशाला?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "कारण मला ते द्यायचंय, हिसानो-सान. खोटं कशाला बोलू? रोज उठते आणि वाटतं, आज देऊन टाकू, पोरगा एकटा आहे तिकडे. एकटी आले असते तर पहिल्याच देवळात दिलं असतं. तुम्ही दारात गाडी घेऊन बसलात की माझा हात उठत नाही. म्हणून."

मला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्याच क्षणी तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. चहा निवून गेला.

ओशो-सान बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "हे मी टांगणार नाही. जाळणारही नाही. जिवंत माणसाचा चेहरा आगीत घालत नाहीत. एकच होईल. दोघांना वेगळं करा. मुलाला इथे ठेवा, त्याच्याशेजारी दुसरी नवरी काढून घेऊ, जगात कुणाचं नसेल असं नाव देऊ. मुलगी आपल्या घरी जाईल."

त्यांनी चौकट सोडवली आणि पातळ पात्याची सुरी आणून दिली. "आयांनीच करायचं," म्हणाले, आणि पाठ फिरवून बसले.

किनू-सानने सुरीला हात लावला नाही, म्हणून ती मी घेतली. वरून खाली येणं सोपं होतं. डोक्यांमध्ये, खांद्यांमध्ये नुसता कोरा कागद होता. मग हात आले. एवढा वेळ हातांचा विचारच केला नव्हता. सरळ कापलं असतं तर दोघांची बोटं तुटली असती.

"तिचा हात राहू दे ना त्याच्याकडे," किनू-सान हळूच म्हणाली. "एवढा एक हात. बाकी सगळी न्या."

"नाही."

"चित्रातलाच तर आहे."

"मग तुम्हीच द्या ना त्याचा. चित्रातलाच तर आहे."

मी सायोकडे बघितलं. असं हसताना तिला मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तिचा हात मेलेल्याच्या ताब्यात ठेवून कुठली आई घरी जाईल? मी सुरी वळवली आणि गुंतलेले दोन्ही हात आमच्या बाजूला ठेवून त्याच्या मनगटातून कापलं. किनू-सानने पदराने झाकावं तसं बाहीने तोंड झाकलं. मग कानामेचा अर्धा कागद उचलला, जिथे हात नव्हता तिथे फुंकर घातली, आणि म्हणाली, "दुखलं नाही रे, दुखलं नाही."

परतताना ती मागे एकटीच बसली होती. दारात उतरल्यावर वाकून म्हणाली, "तिला जेवायला घाला."

सायोला मी काही सांगितलं नाही. आमचा अर्धा आईच्या किमोनोच्या घडीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायोने मिसो सूप संपवलं आणि भात पुन्हा मागून घेतला. मी ओट्याकडे तोंड करून रडले. आता तिचे गाल भरलेत. रात्री शांत झोपते. शेजारीण म्हणते, पोरगी परत आली हो. माझी पोरगी वाचली, हे खरंच आहे.

फक्त ती डाव्या हाताने जेवते. काड्या घसरतात, भात सांडतो, वाटी उचलायची तर उचलत नाही, खाली वाकून तोंड वाटीला लावते. उजवा हात चटईवर असतो, अंगापासून जरा लांब, बोटं किंचित उघडी. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही.

काल न राहवून मी म्हटलंच, "अगं, उजव्या हाताने खा की नीट. काय झालंय त्याला?"

तिने वर बघितलं आणि हसली. चित्रात हसली होती तशीच.

"त्याने धरलाय गं, आई," ती म्हणाली. "सोडतच नाही."