लाकडाचा हात

सासू आधीच होडीत जाऊन बसलीये हे बघून गेमुचं डोकं फिरलं.

तिला कोणी बोलावलंच नव्हतं. ठरलं होतं वेगळंच. गेमु आणि त्याचा मेहुणा, दोघांनी त्या भाजलेल्या अमेरिकन वैमानिकाला होडीत झोपवायचं, वर रताळी टाकायची आणि सामुद्रधुनी ओलांडून पलीकडच्या टोकाला न्यायचं. तिथे आपली माणसं लपून बसली होती, अमेरिकनांचं पाण्यावर उतरणारं विमान तिथेच येणार होतं. पण मेहुणा सकाळी तापाने फणफणला. मग एकटाच जातो म्हणून गेमु किनाऱ्यावर आला, तर ही बाई रताळ्यांच्या ढिगावर मांडी ठोकून बसलेली. ढिगाखाली चटई, चटईखाली वैमानिक.

तो काही बोलायच्या आत ती चटईकडे बघून म्हणाली, "वेनी, मागच्याला सांग. एकटा बाप्या होडीत दिसला की जपानी त्याला हेर समजतात. म्हातारी बरोबर असली की वाटतं, चाललेत बिचारे कुठे जेवायला."

चटईखालून आवाज आला, "ओके."

वेनीला त्यांच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, वास यायला लागलेला, तरी कोणी काही बोललं की हा ओके. शेजारच्या गावाने असाच एक वैमानिक लपवला होता. जपान्यांनी ते गाव जाळून राख केलं. म्हणून वेनीला आजच हलवायचं होतं. त्याच्यासाठीही आणि गावासाठीही.

"वेनी," गेमु दात खाऊन म्हणाला, "पुढच्या माणसाला सांग, हे बायकांचं काम नाही."

"ओके."

"वेनी, मागच्याला सांग, तोंड कमी चालव आणि होडी जास्त."

त्यांच्या बेटावर रीतच होती, जावयाने सासूशी सरळ बोलायचं नाही. तिच्या अंगाला हात लावायचा नाही. नाव घ्यायचं तर स्वप्नातही नाही. तिनेही त्याचं घ्यायचं नाही. हे सगळं कबूल करूनच गेमुने विलाशी लग्न केलं होतं. पण त्याच्या नशिबाने सासूचं नाव आणि वल्ह्याचा शब्द एकच निघाला! आता मासेमारी करणाऱ्या माणसाने वल्ह्याला काय म्हणायचं? गेमु म्हणायचा, लाकडाचा हात. लग्नानंतर कितीतरी दिवस दोस्त मुद्दाम वल्हं त्याच्या नाकासमोर नाचवायचे. "गेमु, हे काय रे?" दोघातिघांना त्याने त्याच वल्ह्याने बडवलं होतं.

होडी तिवरांतून बाहेर आली. आदल्या रात्री बाहेरच्या समुद्रात मोठ्या जहाजांची लढाई झाली होती, घरात झोपलेल्यांच्या छातीत धडधडेल इतके मोठे धमाके. आता सगळ्या पाण्यावर काळं तेल पसरलेलं. पोट वर करून मेलेले मासे, फळीचे तुकडे, एका खलाशाची टोपी. कोणत्या बाजूची ते तेलामुळे कळत नव्हतं. सासूने ती वल्ह्याने हळूच बाजूला सारली आणि तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हटली. म्हातारी पुढे बसून वल्हवत होती. गेमुला कबूल करायचं नव्हतं, पण मेहुण्यापेक्षा झकास वल्हवत होती. पाण्याचा आवाज नाही की होडीला हेलकावा नाही.

निम्मं अंतर गेलं आणि बेटाआडून जपानी मोटरबोट आली.

पळण्यात अर्थच नव्हता. बोट शेजारी येऊन उभी राहिली. वर एक अधिकारी, चार शिपाई आणि एक दुभाष्या. तो उत्तरेकडच्या बेटावरचा होता, त्याला पकडून कामाला लावलेला. होडी इतकी अरुंद की बूट घालून कोणी उतरला असता तर उलटलीच असती, म्हणून सगळे वरूनच बघत होते.

"कुठे चाललात?" दुभाष्याने विचारलं.

"पलीकडे. बारसं आहे."

"ही कोण?"

"सासू."

अधिकारी काहीतरी खेकसला. दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, परवा एका हेराने कुठलीतरी म्हातारी आई म्हणून आणली होती. तुझी खरी कशावरून? नाव सांग तिचं."

गेमु गप्प.

"सांग की! सासूचं नाव माहीत नाही?"

गेमु गप्पच. दुभाष्याने सासूला विचारलं, "तू सांग, याचं नाव काय?" तिने ओठ मिटून समुद्राकडे तोंड फिरवलं.

अधिकारी खूश झाला. चोर सापडला की होतो तसा. एका शिपायाने बंदुकीचा दस्ता गेमुच्या खांद्यावर हाणला. वल्हं हातातून सुटून होडीत पडलं. दुसऱ्याने वरूनच संगीन रताळ्यांत खुपसली, पायाच्या बाजूला. गेमुला दिसलं की चटईची कड एकदम ताठ झाली. आवाज मात्र आला नाही. श्वासाचासुद्धा नाही.

"मेल्या, रताळी नासवू नकोस!" सासू त्या शिपायावर ओरडली. "लेकरांच्या तोंडची आहेत!"

शिपायाला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला असणार. त्याच्या घरीही कोणीतरी अशीच ओरडत असेल. त्याने संगीन मागे घेतली. अधिकाऱ्याला पटलं नाही.

"तिला ढिगावरून ओढ," दुभाष्या गेमुला म्हणाला. "खाली काय आहे ते दाखव."

"मी तिला हात लावू शकत नाही."

"अरे, मारतील!"

"मारू दे."

मग त्यांनी मारलं. पाठीत, तोंडावर, पुन्हा तोंडावर. गेमुला रागाने इतकं फुटायला झालं होतं की एकाला खाली ओढून पाण्यात बुडवावं. पण तो हलला असता तर होडी हलली असती, आणि होडी हलली असती तर ढीग. आयुष्यात पहिल्यांदा त्याने राग गिळला. रक्ताबरोबर गिळला. सासू वळली नाही. नुसती मांडी घट्ट करून बसली. बूड जागचं हललं नाही.

दुभाष्या घाबरट होता. एक शब्द जास्त बोलला की त्यालाच चापट पडायची. पण त्याच्याही बेटावर ही रीत होती, तिथेही नावं रोजच्या वस्तूंचीच असायची, आणि आता त्याला काहीतरी सुचलं. त्याने टोपली, रताळी, अननस एकेक करून विचारलं, गेमुने सांगितलं. मग त्याने वाकून होडीतलं वल्हं उचललं आणि गेमुच्या सुजलेल्या डोळ्यांसमोर धरलं.

"हे काय?"

गेमुचं डोकं गरगरत होतं. कानात भुंगे. माणूस अर्धवट शुद्धीत असला की लहानपणचा शब्द आधी येतो, आईने शिकवलेला. तो जिभेवर आलाच होता. गेमुने जीभ चावली.

"लाकडाचा... हात."

दुभाष्याचे डोळे चमकले. "आणि आजी, तुझं नाव काय?"

स्वतःचं नाव घ्यायला कसली बंदी? तिने मान ताठ केली आणि ठणकावून सांगितलं. ऐकू नये म्हणून गेमुने दोन्ही कान झाकले, तोंडातून रक्त गळत असताना!

दुभाष्याने अधिकाऱ्याला वल्हं दाखवलं, म्हातारी दाखवली, कान झाकलेला जावई दाखवला आणि हातवारे करत समजावलं. अधिकारी आधी नुसता बघत राहिला. मग हसला. मग शिपाई हसले. एकाने दुसऱ्याला कोपर मारून काहीतरी सांगितलं, बहुतेक स्वतःच्या सासूबद्दल, आणि ते आणखीच हसले. वल्हं परत होडीत पडलं. पुढच्या टोपलीतले दोन अननस घेऊन मोटरबोट निघून गेली.

मोटरबोटीचा आवाज विरला. मग सासूने चटई बाजूला केली. वेनीचा चेहरा घामाने आणि मातीने माखलेला. संगीन त्याच्या पायाचा अंगठा चिरून गेली होती आणि ओरडू नये म्हणून त्याने तोंडात एक अख्खं रताळं कोंबलं होतं! दात रुतले होते त्यात. गेमुला हसू आलं, पण फाटलेल्या ओठाने हसता येईना.

सासूने अंगठा बांधला. मग टोपलीवरचं केळीचं पान फाडलं, पाण्यात बुडवलं आणि गेमुकडे न बघता वेनीसमोर धरलं. आधी पानाकडे बोट, मग मागे. वेनीला समजलं. तो त्या सडक्या, फडकी गुंडाळलेल्या हातांनी, कण्हत कण्हत मागे सरकला आणि ओलं पान गेमुच्या कपाळावर दाबून धरलं. त्या हातांना किती दुखत असेल ते गेमुला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"ओके?" वेनीने विचारलं.

"ओके," गेमु म्हणाला.

पलीकडच्या टोकाला माणसं वाट बघत होती. विमान पाण्यावर उतरलं, वेनीला उचलून आत घेतलं. दार लावायच्या आधी त्याने दोन्ही बांधलेले हात वर केले. म्हातारीनेही केले. विमान उडून ढगात जाईपर्यंत तिने ते खाली घेतले नाहीत.

परत निघाले तेव्हा मधे कोणीच नव्हतं. इतका वेळ सगळं वेनीमार्फत चाललेलं, आता बोलायचं कोणाशी? गेमु वल्हवत राहिला. पुढे तिची पाठ, पांढरे केस, एकसारखं चाललेलं वल्हं. डोंगराच्या बाजूला कुठेतरी पुन्हा तोफा सुरू झाल्या. म्हणजे आणखी विमानं पडणार, आणखी कोणीतरी तिवरांत सापडणार.

शेवटी त्याने होडीच्या काठावर थाप मारली.

"होडी," तो म्हणाला, "पुढच्या माणसाला विचार. पुढच्या खेपेला मेहुण्याचा ताप उतरला नसला, तर येणार का?"

म्हातारीने वल्हं थांबवलं नाही.

"होडी," ती म्हणाली, "मागच्याला सांग. उतरला असला तरी."