ढब्बू पैसा

नाव राजेश्वरी असलं तरी तिचं राज्य तुर्भ्यातल्या एका खोलीपुरतं होतं, आणि तिथंही गादीवर सासूबाई. नवरा धनाजी, मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहणारा माथाडी. आता त्याला स्वतःचं पोटच उचलवत नव्हतं. जुन्या काविळीनं लिव्हर निकामी होत चाललेलं, पोटात पाणी साठलेलं, आणि त्या पाण्याच्या दाबानं बेंबी लिंबाएवढी बाहेर आलेली. दारूला कधी शिवला नाही, तरी अख्खी चाळ त्याला बेवडा म्हणत होती, ते वेगळंच.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हर्निया आहे. आत्ता ऑपरेशन केलं तर लिव्हरला झेपणार नाही. फुटला तर घाईत करावंच लागेल, ते सगळ्यात वाईट. आधी पाणी कमी करू, मग बघू. तोवर मीठ बंद, आणि बेंबीवर काही घासू नका, दाबू नका."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधून जपून चालायचं. राजेश्वरी चालली. धनाजी अळणी भाजीचं ताट ढकलायचा, ती पुन्हा पुढे सरकवायची. पाणी खरंच उतरायला लागलं. ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळाली.

पण सासूबाईंना, पुतळाबाईंना, कुठला धीर! धनाजी तान्हा असताना त्याची बेंबी फुगली होती. तेव्हा त्यांनी तांब्याचा ढब्बू पैसा फडक्यात गुंडाळून वर बांधला आणि बेंबी बसली. तोच पैसा त्यांनी ट्रंकेतून काढला.

"आत्या, डॉक्टर दाबू नका म्हणालेत."

"त्याला म्या वाढवलाय, डाक्टरनं न्हाई."

"बांधू दे गं," धनाजी म्हणाला. "चालताना हलत नाय. बरं वाटतंय."

दोघांपुढे एकटीचं काय चालणार? ती फडकं सोडायची, आणि कामावरून येईतो पैसा पुन्हा जागेवर असायचा.

तारीख तोंडावर आलेली असताना एका सकाळी फडकं ओलं लागलं. पैशाखालची कातडी काळी पडून फाटली होती. पोटातलं पाणी ठिबकत होतं आणि धनाजी तापानं फणफणला होता.

"आता थांबता येणार नाही," हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. "आत्ताच करावं लागेल. खात्री मी देत नाही." मग पैसा चिमटीत धरून ते कडाडले, "हे कोणी बांधलं?"

पुतळाबाईंचे ओठ हलले. राजेश्वरीची जीभ तर कधीची तयार होती. पण स्ट्रेचरवरून धनाजीच आधी बोलला.

"मीच, साहेब."

पैसा पुतळाबाईंच्या हातात टाकून डॉक्टर त्याला नको नको ते बोलले. तो राजेश्वरीकडे एकटक बघत ऐकत राहिला. त्या नजरेतली विनवणी तिला कळली, आणि कळली म्हणूनच तिचा संताप झाला. मग त्याला आत नेलं.

बाकावर दोघीच उरल्या. राजेश्वरीला रडू येत होतं, त्याहून जास्त ओरडावंसं वाटत होतं. तो परत आला तर कडाकडा भांडता येणार होतं. नाही आला, तर त्याचा शेवटचा शब्द खोटा कसा पाडायचा? मग त्याच खोलीत, याच बाईबरोबर, जन्मभर तोंड शिवून राहायचं.

पुतळाबाईंनी मूठ उघडली. पैसा घामानं ओला झाला होता. "टाकून देऊ का गं हा?"

"नका टाकू," राजेश्वरी म्हणाली. "ते बाहेर आले की मला तुमच्याशी भांडायचंय."

पुतळाबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. "भांड गं बाई," त्या म्हणाल्या. "देव करो, आणि तू माझ्याशी पोटभर भांड."