रिकामे पूल

सुवर्णाच्या चौदाव्याला हॉलमध्ये लावायला फोटो हवा होता, आणि नवऱ्याकडे तो नव्हता. फोटोग्राफीचं वेड असलेला नवरा, बरं का! गुरुनाथने बारा वर्षांत न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून गाडी हाकत सगळं पेनसिल्व्हेनिया पालथं घातलं, छप्पर असलेले जुने लाकडी पूल टिपले, मोठे करून भिंतीवर टांगले. बायकोचा मात्र लग्नानंतर एक फोटो धड नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"बाबा, पासपोर्टचा लावू या?" मुलीने, इशिताने विचारलं.

"नको. त्यात ती रुसल्यासारखी दिसते. पुलांच्या फोटोंत असेल, थांब."

कारण प्रत्येक पुलावर सुवर्णा असायचीच. पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी जाणार. गुरुनाथ अलीकडच्या तोंडाशी ट्रायपॉड लावायचा आणि ती पलीकडच्या तोंडाशी उभी राहून गाड्या अडवायची. "वन मिनिट प्लीज, माय हजबंड," म्हणत हात जोडायची. थंडीत, चिखलात, एकदा तर अंगात ताप असताना. याला फ्रेममध्ये चिटपाखरू चालायचं नाही ना!

बापलेक लॅपटॉपसमोर बसले. पहिला पूल, दुसरा, विसावा. तुळया, फळ्या, टोकाला उजेडाचा चौकोन. चौकोनात कोणी नाही.

"ओरिजिनल्स कुठे आहेत?" इशिताने विचारलं.

मूळ फोटो उरलेच नव्हते. घरी आला की गुरुनाथ पहिलं काम एकच करायचा. टोकाशी उभी असलेली, नखाएवढी दिसणारी सुवर्णा सॉफ्टवेअरने पुसून टाकायचा. मग मूळ फाइल डिलीट; उगाच डिस्क कशाला भरा? ती चहा घेऊन मागे यायची, स्वतःला पुसलं जाताना बघायची आणि म्हणायची, "आता कसं स्वच्छ दिसतंय." त्याला ते कौतुक वाटायचं. मूर्खाला दुसरं काय वाटणार?

त्याने उजेडाच्या चौकोनावर बोट ठेवलं. "इथे होती." पुढचा फोटो उघडला. "इथे, लाल जॅकेटमध्ये. इथे पण."

"बाबा, प्लीज स्टॉप." इशिता रडायला लागली होती.

त्याला थांबता येईना. तीनशे बारा फोटो होते. तिला नेमकं कुठे पुसलं, ते त्याला प्रत्येकात अचूक सांगता येत होतं.