दादाने पहिल्यांदा ऐकलं

कंपाउंडरचा दादा गेली सहा वर्षं फ्लूच्या लशीला नाही म्हणत होता, आणि सलूनवाल्याला तो एका दाढीत हो म्हणाला. ही बातमी कंपाउंडरला खुद्द सलूनवाल्यानेच दिली, तीही गळ्यावर वस्तरा असताना. म्हणजे मान हलवायचीसुद्धा सोय नव्हती.

"मोठ्या काकांचं नाव घेतलंय बरं का. रविवारी बारापर्यंत, इथंच, याच खुर्चीत. सिस्टर येणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखान्यात बोलावलं की म्हातारी माणसं येत नाहीत, तुझ्याकडे मात्र न चुकता येतात."

"दादा हो म्हणाला?"

"लगेच! हनुवटी वर करा, काका."

कंपाउंडरने हनुवटी वर केली आणि आरशात स्वतःकडे पाहायचं टाळलं. त्या दवाखान्यात त्याने चाळीस वर्षं औषधं मापली होती. निवृत्त झाल्यावरही थंडी तोंडावर आली, की तो वरच्या मजल्यावर दादाकडे जाऊन बसायचा आणि सांगायचा : फ्लू म्हणजे साधं पडसं नव्हे, आपल्या वयात तो जिवावर बेतू शकतो, तुझी छाती तर आधीच दम्याची. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यायची. दादा तोंडासमोर वर्तमानपत्र धरायचा आणि पलीकडून विचारायचा, "झालं का, बाळ्या?" दोन वर्षांपूर्वी दादाला खरोखरच फ्लू झाला. अकरा दिवस नाकाला ऑक्सिजन होता, आणि ते अकरा दिवस कंपाउंडरने बाहेरच्या बाकावर काढले होते. तरी पुढच्या थंडीत वर्तमानपत्र वरच राहिलं.

आणि हा कालचा सलूनवाला! विषाणू कशाशी खातात हेही ज्याला ठाऊक नाही!

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं.

"घेतायत ना भाऊजी? मग झालं तर."

"झालं कसलं! सहा वर्षं मी घसा कोरडा केला."

"मग आता पाणी प्या," ती म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी तो वर गेला तो फक्त दादाला शाबासकी द्यायला. निदान जिना चढताना त्याची तशी समजूत होती. दादा खिडकीपाशी वाचत बसला होता. त्याला एक शिंक आली. मग दुसरी.

"सर्दी झालीय तुला," कंपाउंडर म्हणाला. "अशात लस घेत नसतात. उद्या राहू दे."

बोलताक्षणीच आपण खोटं बोललो, हे त्याला कळलं. नुसतं नाक गळत असेल, ताप नसेल, तर खुशाल टोचून घ्या, हे त्याने औषधाच्या खिडकीतून किती जणांना सांगितलं असेल. पण दादा कुठं ऐकणार होता! वर्तमानपत्र वर जायची तो वाट पाहू लागला.

वर्तमानपत्र खाली आलं.

"असं म्हणतोस? मग नको. तुला त्यातलं कळतं."

हे शब्द ऐकायला कंपाउंडरला सत्तर वर्षांचं व्हावं लागलं होतं. ते परत करायचं त्याच्या जिवावर आलं. जिना उतरताना त्याने कठड्याला हातसुद्धा लावला नाही.

रविवारी सकाळी बायकोने विचारलं, "भाऊजी निघाले का?"

"त्याला सर्दी आहे. थांब म्हटलं मी."

"ताप आहे?"

"नाही."

"गेल्या वर्षी माझं नाक गळत होतं, तेव्हा तुम्हीच ओढत नेलं होतंत मला." ती त्याच्याकडे बघत राहिली. "शिंका त्यांना येतायत, आणि पोटात तुमच्या दुखतंय."

साडेदहा वाजले होते. तो वर गेला आणि म्हणाला, दादा, चुकलं माझं, तू चल.

"काल नको, आज चल! म्हणूनच तुझं ऐकत नाही मी," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद स्पष्ट दिसत होता. वर्तमानपत्र वर गेलं.

कंपाउंडरला तो बाक आठवला. त्या अकरा दिवसांत काचेतून दिसणारे दादाचे पायही आठवले. मग तो सलूनमध्ये गेला. तिथं सात-आठ म्हातारे रांगेत बसले होते, आणि बहुतेकांनी कधी ना कधी त्याच्या हातून औषध घेतलेलं होतं. त्या सगळ्यांच्या देखत त्याला सलूनवाल्याला सांगावं लागलं, "मी दादाला नको म्हणालो. उगीचच. आता तो माझं ऐकत नाही. तुम्ही चला."

सलूनवाला हसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "चला" म्हणाला.

वर जाऊन त्याने दादासमोर खुर्ची ओढली. "काय काका, सुईची भीती वाटतेय ना परत?"

"भीती?" कंपाउंडर म्हणाला. "कुणाला, दादाला?"

लहानपणी सगळ्या गल्लीला धाकात ठेवणारा दादा लाल झाला. "याच्यासमोर कशाला बोललास!"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" सलूनवाला कंपाउंडरकडे वळला. "कानामागे वस्तरा लागला की खुर्ची गच्च धरतात. मी विचारलं, तर म्हणाले, सुईचंही तसंच होतं. म्हटलं, हात धरतो तुमचा. एवढंच."

"सहा वर्षं नुसता विषाणू, विषाणू," दादा पुटपुटला. "मला कधी विचारलंस का काही?"

पावणेबाराला दादा सलूनच्या खुर्चीत बसला. सिस्टरने ताप पाहिला, दोन प्रश्न विचारले, दंड पुसला. तिचं कुठं काही चुकतंय का, हे कंपाउंडर डोळ्यांत तेल घालून पाहत होता. काहीही चुकलं नाही. दादाने डोळे मिटले आणि सलूनवाल्याची बोटं अशी आवळली, की तो "अहो, उद्या कात्री धरायचीय मला!" म्हणून ओरडला. सगळी रांग हसली. दादाही हसला. कंपाउंडरच्या पोटात पुन्हा तेच दुखलं. हसतानाचे दादाचे दात त्याने कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

"झालं?" दादाने डोळे उघडत विचारलं.

"केव्हाच," सिस्टर म्हणाली.

दादाने मान वळवून भावाला शोधलं. "तुझ्यामुळे नाही हं घेतली, बाळ्या."

"माहीत आहे."

दादाचा स्वेटर कंपाउंडरकडेच होता. काढताना एक बाही उलटी झाली होती. सलूनवाल्याचा हात अजून दादाच्या मुठीत होता, त्यामुळे ती सुलटी करायला कंपाउंडरच मोकळा होता. ती त्याने केली, आणि मग दादा उठेपर्यंत स्वेटर तसाच उघडा धरून उभा राहिला.