खंदकांमधली गाय

तैसियाच्या रायफलीवरच्या दुर्बिणीत तो जर्मन पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो गायीच्या पोटाशी बसून धार काढत होता.

बेलारूसमधलं ते गाव जळून गेलं होतं. एक तांबडी गाय तेवढी दोन्ही सैन्यांमधल्या कुरणात राहिली होती.

"मार ना," शेजारी पालथी पडलेली ग्लाफिरा कुजबुजली. नेमबाजांच्या जोडीतली ती थोरली, एकवीस जण टिपलेली.

"थांब गं. अंगठा मुडपून पिळतोय बघ. असं कुणी काढतं का?"

"तू काय त्याची परीक्षा घ्यायला आलीस?"

रशियात वोलोग्दाकडच्या आपल्या गोठ्यात तैसियाने पाच वर्षं मूठ वळून धारा काढल्या होत्या. तिचं बोट चापावरून सुटलं ते सुटलंच.

दुसऱ्या पहाटे तो पुन्हा आला. आता ती त्याचे पाय बघू लागली. कुरणात सुरुंग पेरलेले, आणि हा जळक्या खुंटापर्यंत सरळ येऊन डावीकडे वळायचा, मग ओहोळाच्या काठाकाठाने गायीपाशी. तिसऱ्या दिवशी तिने पावलं मोजून वाट कागदावर काढली.

"तीन दिवस गोळी का नाही झाडलीस?" कॅप्टनने दरडावलं.

तिने कागद पुढे केला. त्याने बोटाने ती वाट गिरवली. "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"पहिल्या दिवशी मी फक्त अंगठा बघत होते, कॉम्रेड कॅप्टन."

ग्लाफिराने हसू दाबत तोंड फिरवलं.

चौथ्या पहाटे गवतात दबा धरलेल्या टेहळ्यांनी त्याला बादलीसकट धरून आणलं. गायही मागोमाग आली. चाळिशीचा, दाढी वाढलेला माणूस. तैसियाने दुभाष्याकरवी अंगठ्याचं विचारलं.

त्याने आधी तिच्या खांद्यावरची रायफल पाहिली. "समोर तूच होतीस?"

"तीन दिवस."

मग त्याने उजवा हात पुढे केला. दोन बोटं नव्हती. "गेल्या हिवाळ्यात गोठून गेली. मूठ वळत नाही."

त्याला मागच्या छावणीत धाडलं. दोन दिवसांनी त्याच वाटेने तुकडी पलीकडे गेली, आणि एकाचाही पाय सुरुंगावर पडला नाही.

"झालं तुझं समाधान?" ग्लाफिराने विचारलं.

"नाही गं. मूठ वळत नाही, तर तो बंदूक कशी धरत असेल?"

ग्लाफिराने कपातलं त्या गायीचं कोमट दूध अर्धं पिऊन उरलेलं तैसियापुढे सरकवलं.